संत पायस दहावे : लोकांना गायला लावणारे पोप

येत्या २१ ऑगस्टला ख्रिस्तसभा संत पायस दहावे यांचा सण साजरा करते. लहान मुलांना कम्युनियनजवळ आणणारे पोप म्हणून ते आपल्याला ठाऊक आहेत. पण भाविकांचा हरवलेला आवाजही त्यांनीच परत मिळवून दिला, हे फारसे कोणाला माहीत नसते.

ज्युसेप्पे सार्तो यांचा जन्म २ जून १८३५ रोजी उत्तर इटलीतील रिएसे या खेड्यात झाला. वडील गावात टपाल पोहोचवत. घरात दहा मुले आणि कायमची ओढाताण. ज्युसेप्पे सेमिनरीत असतानाच वडील वारले. तरीही आईने मुलाला परत बोलावले नाही. १८५८ साली ते धर्मगुरू झाले.

त्यांची पहिली नेमणूक टोंबोलो येथे झाली. हे शेतकऱ्यांचे व गुरांच्या व्यापाऱ्यांचे गाव. तेथे त्यांनी रात्रशाळा काढली. शिव्या द्यायच्या नाहीत, एवढीच तिची फी होती असे सांगतात. त्याच लोकांना त्यांनी ग्रेगोरियन गायन शिकवले. वाद्यांच्या साथीवाचून, सर्वांनी एकाच सुरात, शब्दांच्या ओघाने गायची ही प्रार्थना. ती फक्त मठवासीयांसाठी आहे, असे त्यांना कधी वाटले नाही.

त्या काळी इटलीतील अनेक चर्चमध्ये मिस्सा नाटकगृहासारखी झाली होती. गायक ऑपेराच्या ढंगात ताना घेत, वेदीवर धर्मगुरू थांबून राहत आणि लोक नुसते ऐकत बसत. मांतुआचे बिशप झाल्यावर फादर सार्तो यांनी सेमिनरीत स्वतः गायन शिकवले. व्हेनिसचे मुख्य धर्माधिकारी असताना त्यांनी लोरेंझो पेरोसी या तरुण संगीतकाराला संत मार्क महामंदिराच्या गायकवृंदाची जबाबदारी दिली.

४ ऑगस्ट १९०३ रोजी ते पोप म्हणून निवडले गेले. साडेतीन महिन्यांतच, २२ नोव्हेंबरला, संगीताची आश्रयदाती संत सिसिलिया हिच्या सणादिवशी त्यांनी पवित्र संगीताविषयीचे आज्ञापत्र काढले. ग्रेगोरियन गायन हा चर्च संगीताचा आदर्श ठरला. पालेस्त्रिना यांच्यासारख्यांच्या बहुस्वरी रचनांनाही मान मिळाला. पियानो आणि ढोलताशांना मनाई झाली. मुख्य म्हणजे, लोकांनी पुन्हा गावे असा आग्रह त्यात होता. स्त्रियांना मात्र त्या आज्ञापत्राने गायकवृंदाबाहेर ठेवले. ती अट पुढे शिथिल झाली.

ते केवळ आज्ञा देऊन थांबले नाहीत. जुनी हस्तलिखिते तपासून गायनाची पुस्तके तयार करवली. मिस्सागीतांचा मुख्य ग्रंथ १९०८ साली निघाला. १९११ साली रोममध्ये पवित्र संगीताची शाळा सुरू झाली. २० ऑगस्ट १९१४ रोजी, पहिले महायुद्ध नुकतेच पेटले असताना, त्यांचे देहावसान झाले. १९५४ साली त्यांना संतपद मिळाले.

पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली ग्रेगोरियन गायनाचे मानाचे स्थान कायम ठेवले आणि मातृभाषेलाही दार उघडले. म्हणूनच आज आपण मराठीत गातो.

बंधुभगिनींनो, आपला गायकवृंद मेहनत घेतो, पण तो आपल्या ऐवजी गाण्यासाठी नाही, आपल्याला सोबत घेऊन गाण्यासाठी आहे. टोंबोलोच्या गुराढोरांच्या व्यापाऱ्यांना लॅटिन गाता आले, तर आपल्याला आपल्या मायबोलीत का गाता येऊ नये? येत्या रविवारी प्रवेशगीत सुरू झाले की गीतपुस्तक उघडू या आणि बेसूर होण्याची भीती न बाळगता गाऊ या.

संत पायस दहावे, आमच्यासाठी विनंती कर.