गॅरी किल्डॉल : 'बॅड सेक्टर'च्या मागचा माणूस

मित्रांनो, फ्लॉपी आपल्यापैकी बहुतेकांनी फक्त 'सेव्ह'च्या चित्रातच पाहिली आहे. पण ऑपरेटिंग सिस्टिमच्या तासाला फळ्यावर वर सिस्टिम आणि खाली डिव्हाइस ड्रायव्हर असे जे दोन थर काढले जातात, ते छोट्या कॉम्प्युटरवर रूढ झाले या फ्लॉपीपायीच. आणि ते रूढ करणारा माणूस होता गॅरी किल्डॉल.

गॅरीचा जन्म १९ मे १९४२ चा, अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलचा. घरची नौकानयन शिकवणारी शाळा होती. वॉशिंग्टन विद्यापीठात गणिताकडे वळलेला हा मुलगा कॉम्प्युटरच्या नादी लागला आणि १९७२ मध्ये डॉक्टरेट घेऊन बसला. कॅलिफोर्नियात मॉन्टेरे इथल्या नौदलाच्या कॉलेजात तो शिकवायचा. जोडीला इंटेल कंपनीचं कामही करायचा. १९७३ मध्ये त्याने इंटेलच्या चिपसाठी 'पीएल/एम' ही भाषा तयार केली.

त्याच्याकडे एक फ्लॉपी ड्राइव्ह होता, पण तो कॉम्प्युटरला जोडणारा कंट्रोलर नव्हता. शेवटी जॉन टोरोड या मित्राने सर्किट बनवलं आणि १९७४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्ह या गावात 'सीपी/एम' ही सिस्टिम चालू झाली. मग पत्नी डोरोथीसोबत गॅरीने कंपनी काढली, तीच पुढची डिजिटल रिसर्च.

अडचण पुढेच होती. प्रत्येक कंपनीचा ड्राइव्ह वेगळा, कंट्रोलर वेगळा. दर वेळी अख्खी सिस्टिम कोण बदलत बसणार? गॅरीने सरळ दोन तुकडे केले. फाइली सांभाळणारा भाग सगळीकडे सारखाच राहील आणि हार्डवेअरशी बोलणारा छोटा भाग ज्याचा त्याने लिहावा. या छोट्या भागाला त्याने 'बायोस' म्हटलं. नवीन मशीन आलं की फक्त बायोस लिहायचा! त्यामुळे सीपी/एम शेकडो प्रकारच्या मशीनवर पोचली.

आता खरी गंमत इथे आहे. दोन तुकडे झाले म्हणजे खालच्याने वरच्याला उत्तर द्यायला हवं. १९७९ च्या सीपी/एम २.२ मध्ये सेक्टर वाचून झाल्यावर बायोसने एक आकडा परत द्यायचा : काम झालं तर ०, नाही झालं तर १. आधी निदान दहा वेळा पुन्हा प्रयत्न करून बघा, असं मॅन्युअलमध्ये बजावलेलं होतं. पण दहा प्रयत्नांनंतरही जमलं नाही, तर कारण सांगायची सोयच नव्हती. ड्राइव्हचं दार उघडं असो, केबल सैल असो की फ्लॉपी खरोखरच खराब असो, वर जायचा तो १, आणि पडद्यावर यायचं 'बॅड सेक्टर'. कंट्रोल-सी दाबलं तर सिस्टिम नव्याने सुरू व्हायची आणि चालू काम जायचं. रिटर्न दाबलं तर चूक दुर्लक्षित व्हायची. पण नेमकी डिरेक्टरी लिहिली जात असेल तर फ्लॉपीवरच्या फाइलींचीच वाट लागायची. म्हणजे निर्णय माणसाने घ्यायचा, आणि माहिती मात्र त्याला नाही!

मेमरी ६४ केबीच्या वर जात नव्हती, तिथे बाइट न बाइट मोलाचा होता, हेही खरं. १९८३ च्या सीपी/एम ३ मध्ये कंपनीने ही उणीव थोडी भरून काढली. फ्लॉपी लिहिण्यापासून संरक्षित असेल तर २, आणि मधेच बदलली असेल तर २५५, असे वेगळे आकडे आले.

पण तोवर बाजार हातचा गेला होता. १९८० मध्ये आयबीएमची माणसं पॅसिफिक ग्रोव्हला आली, तेव्हा गॅरी स्वतःचं विमान घेऊन धंद्याच्याच कामाला गेला होता. गुप्ततेच्या करारावर सही करायला डोरोथी तयार नव्हती. पुढेही सौदा जमला नाही आणि काम मायक्रोसॉफ्टकडे गेलं. मायक्रोसॉफ्टने टिम पॅटरसनने सीपी/एमच्या धर्तीवर लिहिलेली सिस्टिम विकत घेतली. तीच डॉस. १९८३ च्या डॉस २.० मध्ये ड्रायव्हरसाठी तेरा एरर कोड ठरवून दिलेले होते : २ म्हणजे ड्राइव्ह तयार नाही, ४ म्हणजे सीआरसी चुकला, ९ म्हणजे प्रिंटरचा कागद संपला. सगळ्यात शेवटी १२, म्हणजे 'जनरल फेल्युअर'. ज्याला नीट कोड निवडायचा कंटाळा, त्याने १२ द्यावा आणि मोकळं व्हावं. म्हणजे पुन्हा आपलं 'बॅड सेक्टर'च!

गॅरीने १९८३ ते १९९० 'कॉम्प्युटर क्रॉनिकल्स' या टीव्ही कार्यक्रमात सहसूत्रधार म्हणून काम केलं. १९९१ मध्ये कंपनी नोव्हेलला विकली. जुलै १९९४ मध्ये मॉन्टेरेत डोक्याला मार लागला आणि ११ जुलैला तो गेला. वय अवघं ५२. २०१४ मध्ये त्याच्या जुन्या ऑफिससमोर आयईईईने सन्मानाची पाटी बसवली.

गॅरी विमान उडवायला गेला म्हणून संधी हुकली, एवढंच लोक अजून सांगतात. करार, किंमत, अटी ही सगळी कारणं गाळून एकच सोपा कोड. जगाने त्याच्या आयुष्यालाही 'बॅड सेक्टर' छापून टाकलं.

तेव्हा मित्रांनो, प्रोजेक्टमध्ये ड्रायव्हर लिहाल तेव्हा प्रत्येक चुकीला सरसकट -१ परत करू नका. डिव्हाइस जोडलेलंच नाही, ते दुसऱ्याच्या ताब्यात आहे, की आपल्याला दिलेली किंमतच चुकीची आहे, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात केबल बघायची, दुसऱ्यात थांबायचं, तिसऱ्यात आपला प्रोग्रॅम दुरुस्त करायचा. हार्डवेअरजवळ नेमकं काय झालं हे फक्त ड्रायव्हरला दिसतं. त्याने सांगितलं नाही, तर वरच्या कुणालाच कळणार नाही.