निजामाच्या राज्यातून शिकायला गेला अन् धूमकेतू सापडला. वेणू बाप्पूंची गोष्ट

धाराशिव : ऑक्टोबर 2024 मध्ये दिवस मावळल्यावर पश्चिमेला शेंडेनक्षत्र दिसत होतं. तुमच्यापैकी काहींनी गच्चीवरून नाहीतर रानातून त्याचा मोबाईलवर फोटोही काढला असेल. हा धूमकेतू कधी, कुठं दिसणार हे शास्त्रज्ञांनी कितीतरी महिने आधी सांगून ठेवलं होतं, कारण 2023 च्या सुरुवातीलाच तो दुर्बिणीत सापडला होता आणि त्याची वाट मोजून झाली होती.

अशी वाट मोजण्याच्या कामात आपल्या जुन्या राज्यातल्या एका पोराचं नाव जगात गेलं. एम. के. वेणू बाप्पू. (आडनाव बाप्पू. आपल्या गावोगावचे बापू ते वेगळे.) आपलं राज्य म्हणजे हैदराबाद. 1956 पर्यंत धाराशिव जिल्हा, तेव्हाचा उस्मानाबाद, त्याच राज्यात होता.

बाप्पूंचं मूळ घराणं केरळातल्या तलश्शेरीचं. वेणूचा जन्म 10 ऑगस्ट 1927 चा, मद्रासमधला. वडील हैदराबादच्या निजामिया वेधशाळेत नोकरीला, त्यामुळं पोराचं बालपण दुर्बिणीच्या सावलीतच गेलं. ही वेधशाळा 1901 साली नवाब जफर जंग यांनी हौसेनं सुरू केली, पुढं ती सरकारकडं आली. जगातल्या वेधशाळांनी तेव्हा सगळं आकाश आपसात वाटून घेतलं होतं. ज्याच्या वाट्याला जो पट्टा, त्यानं त्यातल्या ताऱ्यांचे फोटो काढून जागा मोजायच्या, असं ठरलं होतं. हैदराबादच्या वाट्यालाही पट्टे आले आणि तिथल्या माणसांनी वर्षानुवर्षं खपून लाखो तारे मोजले. गावात तलाठी जसा सातबारा लिहितो तसंच हे काम. कंटाळवाणं, पण त्याशिवाय पुढचं काही चालत नाही.

वेणूनं शाळकरी वयातच दुर्बिणीला डोळा लावला. काही ताऱ्यांचं तेज कमीजास्त होत असतं. असे तारे रात्रीमागून रात्री पाहायचे, तेजाची नोंद करायची, हा त्याचा नाद. निजाम कॉलेजात शिकतानाच त्यानं यावर लेख छापले. पुढं अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात शिकायचं ठरलं आणि हैदराबाद सरकारची शिष्यवृत्ती मिळाली.

ते दिवस आठवा. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौज सोलापूरकडून आली आणि पहिल्याच दिवशी आपलं नळदुर्ग घेतलं. 17 सप्टेंबरला निजाम शरण आला. त्यानंतर चारपाच महिन्यांत, 1949 च्या सुरुवातीला, हा एकवीस वर्षांचा पोरगा अमेरिकेत पोचला. राज्य उलटंपालटं झालेलं, अन् हा तारे शिकायला निघालेला!

हार्वर्डला येऊन सहा महिनेही झाले नसतील. 2 जुलै 1949 ला बाप्पू दुर्बिणीतून काढलेली फोटोची काच तपासत होते. तेव्हा फिल्मऐवजी काचेवर फोटो काढत. दुर्बीण ताऱ्यांबरोबर हळूहळू फिरवत ठेवली तर तारे काचेवर नीट ठिपक्यांसारखे उमटतात. पण त्या काचेवर एक डाग ठिपक्यात बसत नव्हता. तो ताऱ्यांमधून सरकत होता. त्यांचे गुरू बार्ट बॉक आणि सोबतचा विद्यार्थी गॉर्डन न्यूकर्क यांनी खात्री केली आणि तो नवा धूमकेतू निघाला. सापडणाऱ्याचं नाव द्यायची रीत असल्यानं त्याचं नाव पडलं बाप्पू-बॉक-न्यूकर्क.

सापडला म्हणजे काम संपलं असं नसतं. खरं काम तिथून सुरू होतं. ज्यांच्या जागा आधीच मोजून ठेवल्यात अशा शेजारच्या ताऱ्यांपासून धूमकेतू किती अंतरावर आहे ते काचेवर मोजायचं. म्हणजे त्याची त्या वेळची जागा मिळाली. (निजामियासारख्या ठिकाणचा आकाशाचा सातबारा इथं उपयोगी पडतो.) वेगवेगळ्या रात्रींच्या निदान तीन जागा हातात आल्या की सूर्याभोवतीच्या वाटेचा पहिला अंदाज बांधता येतो. पुढं जितक्या जास्त रात्री मोजाल तितकी वाट पक्की होते. दोन दिवसांच्या ढगावरून पावसाळा सांगू नये, तसंच हे.

तेजाचं गणित त्याहून नाठाळ. तेज प्रतीत मोजतात. आकडा लहान तितका धूमकेतू तेजस्वी, आणि पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभरपट फरक. सूर्याजवळ आला की त्यातला बर्फ तापतो, वाफ अन् धूळ उडते, शेपटी फुटते. पण किती धूळ उडेल हे आधी नेमकं कळत नाही. म्हणून कधी पेपरात मोठ्या बातम्या येतात आणि प्रत्यक्षात धूमकेतू साध्या डोळ्यांना दिसतसुद्धा नाही.

बाप्पूंच्या धूमकेतूची वाट मोजली तेव्हा सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला सुमारे 60,000 वर्षं लागतात असा हिशेब निघाला. मागच्या फेरीच्या वेळी माणूस शेतीसुद्धा करत नव्हता. या शोधाबद्दल अमेरिकेतल्या पॅसिफिक खगोल संस्थेनं बाप्पूंना धूमकेतू शोधाचं डोनहो पदक दिलं.

आणि इकडं? खगोलशास्त्रज्ञांत अजून एक गोष्ट सांगतात. हैदराबाद सरकारला हे कळलं तेव्हा तिथल्या साहेबांनी शाबासकी द्यायची सोडून उलट विचारणा केली, की तुम्हाला पैसे शिकायला दिलेत, धूमकेतू हुडकायला नव्हे. कागदी घोडे तेव्हाही होतेच म्हणायचे. पोरगं परक्या मुलखात, खर्च सगळा त्या शिष्यवृत्तीवर. ती गेली असती तर काय, याचा विचार करा. सुदैवानं तसं झालं नाही. 1952 मध्ये बाप्पू डॉक्टरेट झाले.

त्यानंतर ते कॅलिफोर्नियातल्या पालोमारच्या मोठ्या दुर्बिणीवर काम करू लागले. तिथं ऑलिन विल्सन यांच्यासोबत त्यांनी एक नियम शोधला, तो विल्सन-बाप्पू परिणाम म्हणून ओळखला जातो. रात्री तुळजापूरच्या घाटात लांबून गाडीचा दिवा बारीक दिसतो. तो खरंच बारीक आहे की मोठा असून लांब आहे, हे नुसतं बघून कळत नाही. ताऱ्यांचंही तसंच. ताऱ्याच्या उजेडात कॅल्शियमची एक रेघ असते, तिची रुंदी मोजली की ताऱ्याचं खरं तेज कळतं, आणि त्यावरून अंतर.

अशा माणसाला अमेरिकेत काय कमी होतं? पण 1953 मध्ये ते परत आले. इथं ना मोठी दुर्बीण, ना माणसं. आधी उत्तर प्रदेशची वेधशाळा उभी केली, ती पुढं नैनितालला गेली. 1960 मध्ये ते कोडाईकॅनालच्या वेधशाळेचे संचालक झाले. अंधारी, ढग कमी असणारी जागा शोधत तमिळनाडूतल्या जवादी डोंगरात कावलूर गाव निवडलं. 1972 मध्ये तिथं जर्मनीहून आणलेली एक मीटरची दुर्बीण बसली. 1977 मध्ये युरेनसभोवती कडी आहेत हे ज्या रात्री जगाला उमगलं, त्या रात्री कावलूरची दुर्बीणही त्याच्यावर रोखलेली होती.

पण बाप्पूंना विकतची दुर्बीण नको होती. मोठी दुर्बीण आपल्याच देशात बनवायची, हा त्यांचा हट्ट. 2.34 मीटर रुंदीच्या आरशाची काच बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेत घासली गेली. दुर्बिणीचा लोखंडी सांगाडा कुठं बनला माहितीय? पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला. उसाच्या चरकाची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात!

1979 मध्ये जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांच्या संघटनेचे ते अध्यक्ष झाले. हा मान मिळालेले पहिले भारतीय. दुर्बिणीचं काम चालूच होतं. तेवढ्यात हृदयाचं दुखणं निघालं. जर्मनीत म्युनिकला शस्त्रक्रिया झाली, पण 19 ऑगस्ट 1982 ला ते गेले. वय 55. त्याच महिन्यात इकडं आपल्या जिल्ह्यातून लातूर वेगळा झाला होता.

दुर्बीण पुरी झालेली त्यांना पाहता आली नाही. जानेवारी 1986 मध्ये पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते तिला वेणू बाप्पू दुर्बीण असं नाव देण्यात आलं. ती कावलूरला आजही आहे.