लाल टाचांचा राजा

हाय हील ही मुळात पुरुषांची! इराणी घोडेस्वारांचा पाय रिकिबीत पक्का बसावा म्हणून ती टाच होती; तिथून ती युरोपात गेली.

फ्रान्सचा चौदावा लुई १६४३ मध्ये गादीवर आला तेव्हा ५ वर्षांचाही नव्हता. १४ व्या वर्षी तो दरबारी बॅलेत सूर्य बनून नाचला. पुढे त्याने लाल टाचांचा असा थाट केला की त्या घालणं हा दरबारी मान झाला, ऐऱ्यागैऱ्याला मनाई! रिगोच्या १७०१ च्या चित्रात साठी उलटलेला लुई झगा सारून पाय दाखवतोय, टाचा लालभडक. आजचे उंची वाढवणारे बूट टाच आत लपवतात (हॉस्टेलवर कोणाकडे आहेत ते सांगत नाही!). लुईला मात्र ती दिसायलाच हवी होती.

७२ वर्षं राज्य करून तो १७१५ मध्ये वारला.