घाण्याचा हिशेब

यवतमाळहून वर्ध्याला जाताना वाटेत वर्धा नदी लागते. ती ओलांडली की वर्धा जिल्हा सुरू होतो. वर्धा शहरात मगनवाडी नावाची जागा आहे. तेलाच्या घाण्याला नवे जीवन देण्याचा मोठा प्रयत्न येथे झाला. त्या कामाचे एक प्रमुख होते जे. सी. कुमारप्पा.

कुमारप्पांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथे एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. लंडनमध्ये शिकून ते हिशेब तपासनीस झाले. मुंबईत त्यांचा चांगला जम बसला. पुढे ते अमेरिकेला गेले. तेथे अर्थशास्त्राचा अभ्यास करताना भारत गरीब का, हा प्रश्न त्यांना सतावू लागला.

१९२९ मध्ये ते गांधीजींना भेटायला साबरमतीला गेले. अंगात भारी विलायती पोशाख होता. झाडाखाली एक वृद्ध गृहस्थ सूत कातत बसले होते. तेच गांधीजी आहेत हे कळताच कुमारप्पा त्याच पोशाखात शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसले. पुढे त्यांनी खादी स्वीकारली आणि साधे जीवन पत्करले.

१९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या मगनवाडीत त्याचे काम सुरू झाले. त्याची जबाबदारी कुमारप्पांवर आली.

त्या काळी गावोगावी लाकडी घाणे होते. उर्दूत घाण्याला कोल्हू म्हणतात. घाण्याच्या उखळात तीळ, जवस किंवा शेंगदाणे टाकत. त्यात एक जाड लाकडी लाट उभी असे. बैल गोल फिरू लागला की लाट फिरे, दाबाने बी चिरडले जाई आणि तेल निघे. उरलेला चोथा म्हणजे पेंड.

पुढे शहरांत तेलगिरण्या निघाल्या. यंत्रावर थोड्या वेळात पुष्कळ तेल निघू लागले. गावचा तेली बेकार झाला.

कुमारप्पांनी हा व्यवहार हिशेबनिसाच्या नजरेने पाहिला. गावचे बी गिरणीत गेले, की तेलाबरोबर पेंडही गावाबाहेर गेली. पेंड हा गुरांचा खुराक आणि शेताचे खत. आता गावाला तेल विकत घ्यावे लागे आणि पेंडही. शिवाय तेल्याची रोजी बुडाली ती वेगळीच. हा तोटा गिरणीच्या वहीत कोठेच लिहिला जात नव्हता.

पण जुना घाणा संथ होता, हेही खरे होते. नुसत्या उपदेशाने तेल्याचे पोट भरणार नव्हते. म्हणून मगनवाडीत झवेरभाई पटेल यांनी घाण्यात सुधारणा केल्या. त्यात एका वेळी जास्त बी गाळता येऊ लागले. हा सुधारलेला घाणा ‘वर्धा घाणा’ म्हणून प्रसिद्ध झाला.

स्वातंत्र्यलढ्यात कुमारप्पांना तुरुंगवास घडला. जबलपूरच्या तुरुंगातही त्यांनी अर्थशास्त्रावर ग्रंथ लिहिला. ३० जानेवारी १९६० रोजी त्यांचे निधन झाले. गांधीजींची पुण्यतिथीही हीच.

आज बैलघाणा क्वचितच दिसतो. यवतमाळच्या कापसाची सरकीही यंत्रावरच गाळली जाते. गिरणीपुढे घाणा टिकला नाही. तरी घरी तेल आणाल तेव्हा विचारून पाहा : बी कोठे पिकले, पेंड कोठे गेली, मजुरी कोणाला मिळाली? कुमारप्पांचा हिशेब येथूनच सुरू होत असे.