एका रुळावरची गाडी

चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोलीकडे जाणारा रस्ता अरण्यातून जातो. अशा रस्त्यावर एखादा सायकलस्वार वेगाने वळण घेऊ लागला, म्हणजे तो सायकलीसह वळणाच्या आतल्या अंगास झुकतो. तसे न करील, तर बाहेरच्या बाजूस फेकला जाईल. परंतु बावीस टन वजनाची निर्जीव गाडी अशी आपण होऊन झुकेल काय? ही किमया लुई ब्रेनन यांनी करून दाखविली.

ब्रेनन यांचा जन्म १८५२ साली आयर्लंडमधील कॅसलबार या गावी झाला. ते नऊ वर्षांचे असताना त्यांचे कुटुंब ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे गेले. तरुणपणी त्यांनी काही काळ घड्याळाचे काम केले. दोऱ्याच्या रिळाचा दोरा विशिष्ट रीतीने मागे ओढला, तर रीळ उलट पुढे पळते, ही गंमत एकदा त्यांच्या नजरेस आली. इतरांनी ती पाहून सोडून दिली असती. ब्रेनन यांनी त्यातून पाण्याखालून शत्रूच्या जहाजावर धावून जाणारा पाणतीर तयार केला. किनाऱ्यावरून तारा मागे ओढीत, की पाणतीर पुढे धावे. ब्रिटिश सरकारने १८८७ मध्ये तो मोठी रक्कम देऊन विकत घेतला.

पैसा व कीर्ती मिळाल्यावरही ते स्वस्थ बसले नाहीत. डोंगराळ व दुर्गम प्रदेशात लोहमार्ग बांधणे फार खर्चाचे असते. त्या काळी नागभीड-चांदा भागातील जंगलात मार्ग घालावयाचा होता, तेव्हा रुळांतील अंतर अवघे अडीच फूट ठेवले गेले. कारण अरुंद मार्गास खर्च कमी लागतो व वळणेही आखूड घेता येतात. ब्रेनन त्याही पुढे गेले. एकच रूळ असला तर?

पण एका रुळावर गाडी उभी कशी राहावी? फिरता भोवरा एका आरीवर उभा राहतो, तो त्याच्या गतीमुळे. ब्रेनन यांनी गाडीत परस्परविरुद्ध दिशांनी अतिवेगाने फिरणारी दोन जड चाके बसविली. उतारू एका बाजूस जमले, तर गाडी त्या बाजूस कलण्याऐवजी ती बाजू किंचित वर उचले! वळणावर ती सायकलस्वाराप्रमाणे आतल्या अंगास झुके. १९०७ मध्ये त्यांनी लंडनमधील रॉयल सोसायटीत या गाडीची लहान प्रतिकृती चालवून दाखविली. भारताच्या सरहद्दीवर अशी गाडी उपयोगी पडेल या आशेने काश्मीर दरबारानेही या प्रयोगास पैसे दिले.

१० नोव्हेंबर १९०९ रोजी इंग्लंडमधील गिलिंगहॅम येथे माणसांनी भरलेली खरीखुरी गाडी एका रुळावर धावली. पुढील वर्षी लंडनच्या प्रदर्शनात हजारो लोकांनी ती पाहिली. पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले विन्स्टन चर्चिल यांनीही तीतून फेरी मारली.

तरीही तिला एकही गिऱ्हाईक मिळाले नाही. चाके थांबली तर काय, हे भय लोकांच्या मनातून जाईना. शक्ती बंद पडली तरी चाके बराच वेळ फिरत राहतील, तेवढ्यात गाडीस टेकू देता येतील, असे ब्रेनन यांचे उत्तर होते. मात्र दुसरी अडचण खोटी नव्हती. दोन रुळांवरचा साधा डबा काही न करता उभा राहतो. येथे प्रत्येक डब्यास स्वतःची जड चाके व ती सतत फिरविणारे यंत्र हवे होते. रुळाचा वाचलेला खर्च असा डब्यांवर जाई. या गाडीपायी ब्रेनन यांचा स्वतःचाही पुष्कळ पैसा खर्ची पडला.

वयाची पासष्ट वर्षे उलटल्यावर ते हेलिकॉप्टरच्या मागे लागले. १९१९ पासून त्यांनी फार्नबरो येथे त्यावर काम केले. त्यांचे यंत्र जमिनीवरून वर उचललेही गेले. परंतु १९२६ मध्ये सरकारने ते काम थांबविले.

१९३१ च्या अखेरीस स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे त्यांना मोटारीची धडक बसली. १७ जानेवारी १९३२ रोजी त्यांचा अंत झाला. लंडनमध्ये त्यांना पुरले, तेथे त्यांच्या नावाचा दगडही नव्हता. तो २०१४ साली बसविण्यात आला.