इरावती कर्वे: १४९ कवट्या मोजल्या आणि गाईडचीच थिअरी चुकीची निघाली

सेल्फी टाका, स्वभाव ओळखा. अशी ॲप्स तुम्हीही कधीतरी ट्राय केली असतील. चेहऱ्यामोहऱ्यावरून माणसाची अक्कल कळते ही कल्पना मात्र स्मार्टफोनपेक्षा खूप जुनी आहे. शंभरेक वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये तिला चक्क विज्ञान मानलं जायचं. ती तपासायचं काम एका मराठी मुलीकडे आलं. 'युगान्त'वाल्या इरावती कर्वे त्याच.

जन्म १५ डिसेंबर १९०५, ब्रह्मदेशातला. तिथल्या इरावती नदीवरूनच नाव ठेवलं. सातव्या वर्षी शिकायला पुण्यात, हुजूरपागेत. पुढे फर्ग्युसन, मग मुंबई विद्यापीठात डॉ. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र. लग्न महर्षी कर्व्यांच्या मुलाशी, दिनकररावांशी. गंमत बघा, स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या सासऱ्यांना सुनेचं परदेशी जाणं पसंत नव्हतं. नवरा मात्र पाठीशी उभा राहिला. कर्ज काढून १९२८ मध्ये त्या जर्मनीला गेल्या.

तिथले गाईड होते ऑयगेन फिशर, मोठं नाव. त्यांचं म्हणणं असं: कवटीच्या डाव्या-उजव्या बाजू सारख्या नसणं ही गोऱ्या युरोपियनांची खासियत, आणि त्यांच्या वरचढ तर्कबुद्धीची खूण. याला म्हणतात गृहीतक, म्हणजे अजून तपासायचा असलेला दावा. इरावतीबाईंनी वेगवेगळ्या वंशांच्या १४९ कवट्या घेतल्या, दोन्ही बाजू मोजल्या, गटागटांची तुलना केली. फरक सगळीकडेच निघाला. वंशाशी त्याचा काही संबंध दिसेना.

आता त्यांच्या जागी उभं राहून बघा. परका देश, डोक्यावर कर्ज, पदवी त्याच गाईडच्या हातात. चार-दोन अडचणीच्या कवट्या गुपचूप गाळल्या असत्या तर कुणाला कळलं असतं? पण प्रबंधात त्यांनी आकडे सांगत होते तेच लिहिलं. पदवी मिळाली, श्रेणी मात्र खालची. फिशर यांच्यासारख्यांच्या वंशविचारांवर पुढे नाझींचे १९३५ चे कायदे उभे राहिले, म्हणजे मामला फक्त मार्कांचा नव्हता.

एक गोष्ट खटकते, ती सांगायलाच हवी. त्यातल्या काही कवट्या जर्मनीच्या आफ्रिकेतल्या वसाहतीतून आणलेल्या होत्या. त्या माणसांना किंवा त्यांच्या घरच्यांना कुणी विचारलं होतं? आज कॉलेजच्या साध्या मानसशास्त्र प्रयोगातही आधी संमतीचा फॉर्म भरून घेतात.

परत आल्यावर काही वर्षं एसएनडीटीत रजिस्ट्रार, आणि १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. शरीराची मापं घेऊन समाज समजून घेणं त्यांनी पुढेही चालूच ठेवलं. ती पद्धत आज मागे पडली आहे, आणि फिशरचा फुगा फोडणाऱ्या बाईंनी ती इतकी वर्षं का धरून ठेवली, हा प्रश्न पडतोच. पण त्या टेबलावर बसून राहिल्या नाहीत. गावोगाव फिरल्या.

हे का महत्त्वाचं? समजा, वसई-विरारकरांचं मत घ्यायचंय आणि तुम्ही गूगल फॉर्म फक्त सकाळच्या विरार फास्टच्या ग्रुपवर टाकला. अर्नाळ्याचे कोळी सुटले, वाघोलीचे वाडीवाले सुटले, फोन न वापरणारी आजी तर सुटलीच. हजार उत्तरं आली तरी चित्र वाकडंच. नमुना म्हणजेच सॅम्पल चुकलं की आकडा कितीही मोठा असून उपयोग नाही.

बाई प्रत्यक्ष फिरल्या म्हणून त्यांना दिसलं, की एकाच 'कुंभार' नावाखाली वेगवेगळे गट आहेत. एका जातीचे तुकडे पडून पोटजाती झाल्या, हे घुर्यांचं मत त्यांनी मानलं नाही. दुसरे गाईड, दुसरा मतभेद!

शेवटच्या वर्षांत त्यांनी जाई निंबकर यांच्यासोबत कोयना धरणाने उठवलेल्या लोकांचा सर्व्हे केला. धरणाची वीज सगळ्यांना दिसत होती. त्यासाठी घरदार सोडलेल्यांचं पुढे काय झालं, हे त्यांनी त्या लोकांनाच विचारलं. तो अहवाल १९६९ मध्ये छापून आला. ११ ऑगस्ट १९७० ला इरावतीबाई गेल्या.