पोथी वाचणारी कन्या : पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई ह्यांचा जन्म इ. स. १८५८ मध्यें सह्याद्रींतील गंगामूळच्या अरण्यांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनीं लोकनिंदा सोसून आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविलें होतें. त्या माउलीनें तीच विद्या मुलीस दिली. हें कुटुंब तीर्थोतीर्थीं फिरून पुराण वाची. देवळांत किंवा नदीच्या घाटावर बसून पोथी गोड स्वरांत वाचावी, श्रोत्यांनीं फुलें, फळें व पैसा पुढें ठेवावा, हीच त्यांची उपजीविका. अर्थ सांगण्याची गरज नसे. शब्द कानीं पडले म्हणजे पुण्य लाभलें, अशी समजूत होती.

पुढें दुष्काळाच्या दिवसांत आईबाप व वडील बहीण हीं अन्नावांचून मरण पावलीं. रमाबाई व बंधु श्रीनिवास भटकत भटकत १८७८ सालीं कलकत्त्यास पोहोंचलीं. तेथील विद्वानांनीं रमाबाईंस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या.

ह्यापुढें मात्र त्यांचा आवाज नुसता कानांपाशीं थांबला नाहीं. १८८२ सालीं पुण्यास हंटर कमिशनापुढें त्यांनीं मराठींत साक्ष दिली, कीं स्त्रियांसाठीं स्त्री-शिक्षक व स्त्री-डॉक्टर तयार केले पाहिजेत. हंटरसाहेबांनीं तिचें इंग्रजी भाषांतर करविलें. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढें अमेरिकेंत त्यांचीं व्याख्यानें ऐकून तेथील लोकांनीं १८८७ सालीं बोस्टन येथें एक संस्था स्थापिली व विधवांच्या शाळेस दहा वर्षें साहाय्य देण्याचें पत्करिलें. त्यांतूनच १८८९ सालीं मुंबईस शारदासदन उघडलें.

केडगांवच्या मुक्तिसदनांत दुष्काळांतून वांचविलेल्या पुष्कळ स्त्रिया व मुली होत्या. पवित्र शास्त्राच्या मराठींतील संस्कृत शब्द त्यांस जड जात. श्रोत्यांस न कळणारें वाचन म्हणजे काय, हें रमाबाईंनीं बाळपणींच पाहिलें होतें. म्हणून त्यांनीं उतारवयांत इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि सगळें शास्त्र साध्या मराठींत आणिलें. खिळे जुळविण्याचें व छापण्याचें काम मुक्तींतील स्त्रियांनींच केलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाई निवर्तल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं प्रसिद्ध झाला.

प्रिय वाचकहो, घरीं किंवा मंडळींत मोठ्यानें वाचण्याचें काम आपणाकडे असेल, तर अध्याय संपतांच घाईनें पुस्तक मिटूं नका. कोपऱ्यांत बसलेल्या म्हाताऱ्या आईस विचारा, तिला काय कळलें. तिला कळलें नसेल, तर पुन्हां सावकाश वाचा.